हात न लागलेला खो

सोमवार, ३ जुलै १९६१

आज रुजू झाले. हायस्कूल तीनच वर्षांचं आहे, दोन खोल्यांच्या छपरावर अजून कवेलू चढायचे आहेत. मैदान मात्र छान, काळ्या मातीवर मुरूम टाकून दाबलेलं. हेडमास्तर बोढे म्हणाले, "विमलताई, वणी तालुक्यात खेड्यातल्या शाळेत पोरींसाठी खेळाची बाई आणणारे आपणच पहिले." मग जरा हळू आवाजात, "नेमणूक सध्या वर्षापुरती. काम दिसलं की कायम करू."

राहायची सोय संस्थेचे अध्यक्ष नानाजी ठावरी यांच्याकडे, मागच्या खोलीत. भाडं नको म्हणाले. त्यांच्या पत्नी चंदाबाई यांनी आल्याआल्या ताट पाठवलं. मुलगी भागीरथा नववीत आहे, उंच आणि बोलकी.

प्रार्थनेनंतर मला चार शब्द बोलायला सांगितलं. अमरावतीला वर्षभर जे शिकले तेच बोलले. खेळ ढालीसाठी नसतो, एकमेकांवर भरवसा टाकायला शिकण्यासाठी असतो. मैदानावर 'मी' नसते, 'आपण' असतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला माझं बोलणं आवडलं, हे इथं लिहायला हरकत नाही.

गुरुवार, १३ जुलै

खो-खोला नऊ जणी लागतात. आल्या सात. सगळ्या घरी एकच तक्रार, वयात आलेल्या पोरी परकर खोचून गावासमोर पळणार काय. सलवारी शिवून घेऊ म्हटलं, तेव्हा कुठे दोन घरं वळली.

शाळा सुटल्यावर चुनाभट्टीवर काम करणारे उकंडा पाझारे ओसरीशी येऊन उभे राहिले. हातापायांवर चुना वाळलेला. "जय भीम, बाई," म्हणाले. इथली त्यांची वस्ती पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली आहे.

"मायी पोरगी सत्यशीला नववीत हाय," ते म्हणाले. "पळते लय. तुमच्या खेळात घ्याल का तिले?"

"घ्याल काय म्हणता, घेतलीच."

ते हसले, पण गेले नाहीत. "मंग कोणाले काही त्रास तं नाई होणार ना?"

मी म्हटलं, "मैदानावर जातपात नसते, उकंडाजी." त्यांचा चेहरा उजळला. बरं उत्तर सुचलं. ते गेल्यावर लक्षात आलं की त्यांना बसा म्हणायचं राहूनच गेलं. कामाची गडबड होती.

शनिवार, २२ जुलै

सत्यशीला आली आणि सोबत तिच्याच वस्तीतली प्रभावती. नऊ झाल्या! आठवीतली रामी जादा म्हणून घेतली.

आज बसायला शिकवलं. दोन खांबांच्या मधे आठ जणी एका ओळीत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी, म्हणजे मारणारी, पळणारीचा पाठलाग करते. गाठता येत नसलं की बसलेल्या एकीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं. ती उठून धावते, ही तिच्या जागी बसते. भागीरथाला आणि इतरांना खांदे धरधरून बसवावं लागलं. सत्यशीलाला नुसतं तोंडानं सांगितलं तरी कळतं.

आणि काय पळते! पळता पळता एकदम अशी वाकते की मारणारीचा हात हवेतच राहतो. हिच्यावर माझं नाव होणार.

मंगळवार, ८ ऑगस्ट

भागीरथाला कप्तान केलं. तिचा आवाज मोठा आहे, पोरी तिचं ऐकतात. नानाजींनाही बरं वाटलं.

एक खोड मात्र लक्षात आली. खो देताना तिचा हात पाठीपर्यंत पोचत नाही, बोटभर आधीच थांबतो. 'खो' मात्र जोरात म्हणते. सामन्यात पंच हे सोडणार नाही. हात लागला नाही आणि बसलेली उठली तर फाऊल, मग मारणारीला उलट्या दिशेनं जावं लागतं आणि तोवर पळणारी सुटते. उद्या सगळ्यांकडून खो देण्याचा सराव करून घेईन.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

सराव झाला. भागीरथाचा खो खणखणीत आहे. प्रत्येकीच्या पाठीवर थाप वाजते. फक्त सत्यशीला आणि प्रभावती यांच्या पाठीवर वाजत नाही.

तिला बाजूला घेतलं. ती खाली बघत म्हणाली, "बाई, मी लावलता पहिल्या दिवशी हात. मंग आईनं मले दारातच आंघोळ घातली, थंड पाण्यानं. कपडे बी भिजवले. रोज रोज ओल्या केसानं जेवा लागते. मले सर्दी होते." तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. पाऊस आला की छत्री घ्यावी लागते, तसं सांगत होती.

मग सत्यशीलाला विचारलं, तुला कळतं का? ती म्हणाली, "कळते नं बाई. पण मले हात लागाची गरज नाई पडत. मी आवाजावरच उठते." वर पुन्हा माझी समजूत काढल्यासारखं, "आवाज चांगला हाय भागीरथाचा."

मी काय म्हणायला हवं होतं, ते आता सुचतं आहे. तेव्हा म्हटलं, "शाबास."

रविवार, २० ऑगस्ट

चंदाबाई आज खोलीत येऊन बसल्या. मुगाचे वडे आणले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "विमलताई, तुमचं थे खो का काय, त्याच्यात हात लावाच लागते का?"

"नियम आहे."

"नियम हाय तं असू द्या. पण तुमाले नियम सांभाळता येते. तुमी शिकेल-सवरेल हा." वडे पुढे सरकवले. "आमच्या इकडं तुमाले काही कमी पडत नाई ना?"

कमी काहीच पडत नाही. तेच तर आहे.

बुधवार, २३ ऑगस्ट

उपाय सापडला! सत्यशीलाला खांबाजवळच्या शेवटच्या चौकोनात बसवायचं, प्रभावतीला तिच्या शेजारी. भागीरथानं तिथवर जायचंच नाही, मधल्या एखादीला आधीच खो देऊन मोकळं व्हायचं. सत्यशीलाला खो प्रभावतीनं नाहीतर इतरांनी द्यायचा. इतर पोरी हात लावतात, घरी सांगत नाहीत एवढंच. कोणाचं मन दुखत नाही, नियम मोडत नाही.

सत्यशीलानं विचारलं, "बाई, मी खांबाजवळच काहून बसू?"

"खांबाजवळ सगळ्यात चपळ मुलगी लागते."

इतकी खूश झाली! संध्याकाळी उकंडाजी रस्त्यात भेटले तर म्हणाले, "पोरगी सांगत होती, बाईनं मले सगळ्यात अवघड जागा देल्ली." मी हसून मान हलवली. जेवण गेलं नाही नीट. ऊन बाधलं असेल.

शनिवार, ३० सप्टेंबर

वणीला तालुक्याचे सामने जिंकलो! शेवटच्या पाळीत सत्यशीला पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत एकटी नाचवत राहिली, कोणाच्या हाती लागली नाही. लोक उभे राहून ओरडत होते. बोढे सरांनी कप्तान म्हणून भागीरथाला हार घातला. भागीरथानं तो काढून सगळ्या पोरींच्या गळ्यात पाळीपाळीनं घातला. सत्यशीलाजवळ आली, थबकली, आणि हार तिच्या हातात दिला. तिनं तो स्वतःच घातला.

सर म्हणाले, जिल्ह्याची ढाल आणा, तुमच्या कायम नेमणुकीचं मी बघतो. रात्रभर तेच डोक्यात.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर, यवतमाळ

मोटारीनं मारेगाव, पांढरकवडा करत पोचलो. उतरायची सोय नानाजींच्या सोयऱ्यांकडे आहे. मोठं घर, विहीर आतच. दारातच त्या घरच्या बाईंनी मला बाजूला बोलावून विचारलं, "यातल्या त्या दोघी कोणत्या?" त्यांना आधीच कळवलेलं होतं. मला नव्हतं.

सत्यशीलाचे काका भीमराज इथल्याच पाटीपुऱ्यात राहतात. ती म्हणाली, "आमी काकाकडे जातो, बाई. मलेबी काकीले भेटाचंच होतं." मी काही म्हणायच्या आधीच बोलली. दोघी आपापली पिशवी घेऊन निघाल्या. प्रभावतीनं वळून पाहिलं. सोबत जाऊन पोचवून यायला हवं होतं, पण इकडे सात जणींना सोडून कसं जाणार? रामीही लहान आहे.

सात नाही, आठ. रामीला धरून आठ.

रविवार, २६ नोव्हेंबर

हरलो. एका गड्यानं. आज लिहिवत नाही.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

लिहायलाच हवं.

अंतिम सामना. त्यांना बरोबरीत गाठायला आम्हाला एक गडी मारायचा होता आणि जिंकायला दोन. वेळ थोडाच उरला होता. खेळात बसायच्या जागा बदलत राहतात, माझी योजना कधीच मोडून गेली होती. भागीरथा मारायला होती. त्यांची पोरगी दमली होती, सत्यशीलाच्या तोंडासमोरच हातभर अंतरावर धापा टाकत उभी. भागीरथा पाठीमागून आली. मधल्या सगळ्या मागं पडल्या होत्या, दुसरी कोणीच उरली नव्हती. एक खो, आणि बरोबरी झाली असती.

मी बाजूलाच होते. दहा पावलांवर. हात गेला आणि बोटभर अलीकडे थांबला. 'खो!' सत्यशीला आवाजावर उठली, जशी रोज उठते. शिट्टी. पंच म्हणाले, "बसलेली आधी उठली, फाऊल!" भागीरथाला उलटं जावं लागलं, त्यांची पोरगी निसटली. फिरून पुन्हा तीच जुळणी आली, आणि पुन्हा तेच झालं. मग वेळ संपली.

भागीरथा आपल्या हाताकडे बघत मैदानातच बसून राहिली. रडत नव्हती.

नानाजी सामना पाहायला आले होते. बोढे सर आणि ते दोघं माझ्याकडे आले. सर म्हणाले, "हातातला घास गेला! काय झालं, विमलताई?"

मी म्हटलं, "सत्यशीला घाई करते. आधीच उठली."

ती माझ्या मागंच उभी होती. मला माहीत नव्हतं. वळले तेव्हा दिसली. रागावलेली नव्हती. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं, असं तिचं तोंड झालं होतं. मग तिनं वहाणा घातल्या आणि प्रभावतीजवळ जाऊन उभी राहिली.

परतीच्या मोटारीत ती मागच्या बाकावर होती. मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

शनिवार, २ डिसेंबर

सत्यशीला शाळेत येते, मैदानावर येत नाही. प्रभावतीही नाही. पोरांनी तिला नाव ठेवलं आहे, 'फाऊलवाली'. मी दोघांना दटावलं. दटावताना माझाच आवाज मला ऐकवला नाही.

सोमवार, ४ डिसेंबर

प्रार्थनेनंतर बोढे सर सामन्यावर बोलले. हरण्याचं दुःख नाही, पण शिस्त हवी, एकीच्या उतावळेपणानं सगळ्या संघाची मेहनत वाया जाते. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात भागीरथा उभी राहिली. "सर, सत्यशीला आधी नाई उठली. माया हात नाई लागला तिले. मी लावलाच नाई."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "विमलताई, तुम्ही तर मैदानावर होता. काय झालं होतं?"

नववीतली पोर उभी होती. तिच्या वेणीची सुटलेली गाठ मला इतक्या लांबून दिसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मी लांब होते. नीट दिसलं नाही."

सर म्हणाले, "बस, भागीरथा. मैत्रिणीची बाजू घेतेस, चांगलं आहे."

मंगळवार, ५ डिसेंबर

भागीरथाला आज शाळेत पाठवलं नाही. काल सांजेला पुढच्या घरात नानाजींचा आवाज चढला होता.

दुपारी चंदाबाई स्वतः ताट घेऊन आल्या. पुरणाच्या पोळ्या, वर तूप. "तुमी सांभाळून घेतलं, विमलताई," म्हणाल्या. "आमची पोट्टी येडी हाय."

मला वाटलं होतं, घास उतरणार नाही. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोन्ही पोळ्या खाल्ल्या. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढे कधीतरी मी स्वतःला सांगेन की मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

शनिवार, ९ डिसेंबर

आज वस्तीत गेले. पाच महिने झाले, मैदानापासून अर्धा मैलही नाही, आणि आज पहिल्यांदा गेले.

उकंडाजींनी बाज टाकली. "बसा, बाई." सत्यशीलाची आई कांताबाई तुरी निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "पोरगी रोज मले इचारते, आई, मी खरंच आधी उठली का व? मी काय सांगू तिले? मी का होती तिथं?"

सत्यशीला दाराच्या आत उभी होती. तिला ऐकू जाईल असं मी म्हटलं, "ती आधी उठली नव्हती. हात लागला नव्हता. मी पाहिलं होतं."

उकंडाजी जमिनीकडे पाहत होते. मग आतून सत्यशीला म्हणाली, "मले माहीत होतं, बाई, तुमाले दिसलं म्हणून. तुमी तिथंच होत्या."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुमी बोलसान असं वाटलं."

मला रडू आलं. कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कडवटपणे नाही, पण मायेनंही नाही. "इथं सांगून काय व्हते, बाई? आमाले तं माहीतच होतं. जिथं बोलल्या तिथं बोला."

उकंडाजी म्हणाले, "राहू दे व. नोकरीचं असते त्याईचं." त्यांनी माझी बाजू घेतली, ते सगळ्यात लागलं.

सोमवार, ११ डिसेंबर

प्रार्थना झाली. मी परवानगी न विचारताच पुढे गेले. म्हटलं, "यवतमाळच्या सामन्यात सत्यशीला पाझारे हिची चूक नव्हती. तिला खो मिळालाच नव्हता. भागीरथा खरं बोलली. मला ते दिसलं होतं, आणि मी इथंच उभी राहून खोटं बोलले. हात का लागत नव्हता, तेही मला ऑगस्टपासून माहीत होतं. मी तो प्रकार थांबवला नाही, मी..." इथवर आले आणि बोढे सरांनी शिपायाला खूण केली. घंटा झाली. पोरं वर्गात गेली. पुढचं वाक्य राहिलं. ते मी मनात नीट पाठ केलं होतं.

सत्यशीला आज शाळेत आलीच नव्हती. मी मान वर करून शोधलं तेव्हा कळलं.

सरांनी खोलीत बोलावून एवढंच म्हटलं, "बोललात, झालं. आता हा विषय नको." संध्याकाळी नानाजी दारापर्यंत आले, आत आले नाहीत. "खोली आमाले लागून राह्यली, विमलताई. घाई नाई. संक्रांतीपावेतो पाहा." चंदाबाईंचं ताट आलं नाही.

खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला भीती वाटली. आणि नोकरीचं काय, हाच विचार दिवसभर वरचढ राहिला. सत्यशीलाचा नंतर आला.

सोमवार, १५ जानेवारी १९६२

बाजारओळीतल्या माडीवर खोली मिळाली. कायम नेमणुकीचं सर काही बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

भागीरथा मैदानावर येऊ लागली. आज मधल्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर सत्यशीलाजवळ गेली आणि तिचा हात धरून उभी राहिली. घरी काय झालं असेल कोण जाणे. संध्याकाळी ती बाजारओळीत दिसली तेव्हा केस ओले नव्हते, एवढं पाहिलं.

शनिवार, २० जानेवारी

आज सत्यशीला मैदानावर आली. माझा जीव भांड्यात पडला. पोरी ओळीत बसल्याच होत्या, शेवटचा चौकोन रिकामा होता. म्हटलं, "ये, बस."

ती जागची हलली नाही. "बाई, मी खो-खो नाई खेळत आता. मले शंभर यार्डात टाका."

"का गं? आता कोणी..."

"आता लावते सगळ्या हात. भागीरथा तं पयलेच लावते, मले माहीत हाय." ती नीट विचार करून बोलत होती, जशी काही आदल्या दिवशीच ठरवून आली होती. "पण मी बसली का कान मांगच राह्यते. लागते का नाई लागत, लागते का नाई लागत. तेच. पळणाऱ्या पोरीवर ध्यानच राहत नाई." मग म्हणाली, "पळण्याच्या शर्यतीत बरं असते. आपली आपली रेघ. मांगून कोणाची वाट पाहा लागत नाई."

जुलैत मी पोरांना काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पण तिला म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चुन्यानं तिच्यासाठी एक रेघ आखली. शिट्टी दिली. ती पळाली, कशी पळाली ते काय लिहू. शेवटच्या खुणेशी थांबलीही नाही, तशीच पुढे कुंपणापर्यंत गेली.

ओळीतून भागीरथा मान वळवून पाहत होती. म्हणाली, "बाई, तिच्या जाग्यावर रामीले बसवू?"

मी म्हटलं, "आज नको."